अक्षरांची मालकी

संगणकाच्या मुक्त आज्ञावलींची गोष्ट आपल्याकडे निघाली म्हणजे ती बहुधा पैशापाशीं सुरू होते व पैशापाशींच संपते. विकतची वस्तु फुकट मिळते, एवढाच तिचा गुण सांगितला जातो. आमच्या मतें हा गुण दुय्यम होय. लिहिलेल्या मजकुरावर सत्ता कोणाची, हा खरा प्रश्न आहे, आणि वाङ्मयाची चाड असणारांनीं विचार करावा तो ह्याचाच.

खुलताबादेचें उदाहरण घेऊं. तेथील सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब 1337 सालीं वारले. त्यांचीं संभाषणें काशानी बंधूंनीं फारसींत टिपून ठेविलीं, नकलनविसांनीं पुढें त्यांच्या नकला केल्या, आणि अशा हस्तलिखितांच्या आधारें कार्ल अर्न्स्ट यांस 1992 सालीं 'इटर्नल गार्डन' हा ग्रंथ लिहितां आला. साडेसहाशें वर्षांत तीं पानें वाचण्यासाठीं बोरू विकणाराची परवानगी कोणास मागावी लागली नाहीं.

ह्याच गांवच्या दर्ग्यांची माहिती कोणी 1995 च्या सुमारास मराठींत संगणकावर उतरली असेल, तर तिची गति काय? त्या काळीं मराठी फाँट विकणारांनीं रोमन अक्षरांच्या जागीं आपापल्या मतीनें देवनागरी चिन्हें बसविलीं होतीं. फाइलींत साठत ते रोमन अक्षरांचे संकेत. मराठी दिसे ती केवळ फाँटच्या कृपेनें. तो फाँट नसला कीं उरतो निव्वळ अक्षरांचा केर. युनिकोडनें 1991 सालींच देवनागरीस स्वतंत्र स्थान दिलें होतें. आमचे छापखाने मात्र कित्येक वर्षें तिकडे फिरकले नाहींत.

आतां रूपांतराचें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. 'कि' लिहितांना जुन्या फाँटांत पहिली वेलांटी आधीं व क नंतर साठे, कारण डोळ्यांस तसेंच दिसतें. युनिकोडांत उच्चाराप्रमाणें क आधीं येतो. 'अर्थ' ह्यांतील रफाराची तऱ्हा नेमकी उलट. चिन्हाबद्दल चिन्ह ठेवून भागत नाहीं. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस मराठी अक्षराची घडण कळावी लागते. त्यांतून संकेतांचा तक्ता विकणाराच्या पेटींत बंद असला, म्हणजे एकेक चिन्ह हुडकीत बसण्यावांचून गत्यंतर नाहीं.

'लोहित' फाँट 2004 सालीं खुला झाला. पुढें राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' व एक टाईपचा 'मुक्त' आले. हे नुसते फुकट नाहींत. त्यांची रचना उघडून पाहतां येते, हें अधिक मोलाचें. तथापि मुक्त पक्षाच्या कैवाऱ्यांनीं एक उणीव झांकूं नये. पानें जुळविणाऱ्या 'स्क्रायबस' ह्या मुक्त आज्ञावलीस जोडाक्षरें धडपणें मांडतां येऊं लागलीं तीं 2017 च्या प्रायोगिक आवृत्तीपासून, आणि तिची स्थिर आवृत्ति निघाली 2024 सालीं. तोंवर जुन्यास चिकटून राहिलेल्या डी. टी. पी. वाल्यास केवळ आळशी म्हणणें अन्यायाचें होईल. एकट्यादुकट्या लेखकास मात्र ही सबब नाहीं. त्याच्या कामास 'लिबरऑफिस' पुरेसें आहे.

म्हणून आमची सूचना अशी कीं, आज्ञावली केव्हांही बदलावी, पण जुन्या फाइली आधीं सोडवाव्या. जुनें यंत्र व जुना फाँट चालू आहेत तोंवरच त्या उघडून युनिकोडांत उतरून घ्याव्या, छापील प्रतीशीं ओळीनें ताडून पाहाव्या, आणि रफार व पहिली वेलांटी यांवर विशेष नजर ठेवावी.