कावड्या डोंगरावरून चाळकेवाडीचा पेपर वाचताना

रिसर्चला लागायच्या आधी एक पेपर नीट वाचा. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा हा पेपर २०१८ साली 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मध्ये आला. जागा साताऱ्याजवळचं चाळकेवाडी पठार, प्राणी 'सरडा सुपर्बा'. (प्रजातीचं हे नाव २०१६मध्ये थेट मराठीतूनच घेतलंय!)

म्हणणं सोपं आहे. पवनचक्क्या नाहीत तिथे शिकारी पक्षी जवळपास चौपट. चक्क्यांखाली पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त, आणि निर्धास्तही.

पेपरची ताकद कशात आहे? नुसत्या मोजणीवर तो थांबत नाही. रक्तातलं ताणाचं संप्रेरक, माणूस किती जवळ आल्यावर सरडा पळतो ते अंतर, गळ्याच्या पंख्याचा रंग, सगळं मोजलंय. एक पुरावा दुसऱ्याला आधार देतो.

आता कमकुवत बाजू. पठार एकच. तुलना जागेजागेची आहे, चक्क्या लागण्याआधीची आणि नंतरची नाही. सरडा उशिरा पळतो तो ससाणे-शिक्रे नाहीत म्हणून, की माणसांची सवय झाली म्हणून? वाचताना हा प्रश्न सोडू नका. शीर्षकातला 'परिसंस्थांवर परिणाम' हा दावा मला एका पठारापेक्षा मोठा वाटतो.

मग आपण काय करायचं? आपल्या पारनेर तालुक्यात सुप्याजवळ कावड्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत. चाळकेवाडी सह्याद्रीच्या माथ्यावर, भरपूर पावसाची. आपला भाग पर्जन्यछायेतला, कोरडा. तोच निष्कर्ष इथे निघाला तर दावा पक्का होईल. नाही निघाला तर तेही शिकण्यासारखंच.

पण माझी चूक करू नका. पहिल्या उन्हाळ्यात मी पळण्याचं अंतर कधी सकाळी सातला, कधी भर दुपारी मोजलं आणि जमिनीचं तापमान लिहिलंच नाही. गार सरडा आणि तापलेला सरडा सारखे पळत नाहीत. वहीभर आकडे वाया गेले.

आणि हो, सरडा हातात घ्यायच्या आधी वन विभागाची लेखी परवानगी घ्या. रक्त घ्यायचं तर पकडल्यापासून साधारण तीन मिनिटांत. नंतर तुम्ही मोजता तो तुमच्याच पकडीचा ताण.

पेपर उत्तम आहे. म्हणूनच तो दुसऱ्या डोंगरावर तपासायला हवा.