तळ नसलेलं जहाज

सिंगापूरच्या पाडावाबद्दल काहीही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास भेटतं: ब्रिटिशांच्या तोफा समुद्राकडे रोखलेल्या होत्या आणि जपानी मागच्या दाराने आत शिरले. हे वाक्य पटकन पटतं, कारण कुणीतरी मूर्ख सापडतो आणि गोष्ट संपते. चर्चिलच्या ‘द हिंज ऑफ फेट’मधली एक प्रसिद्ध उपमा म्हणजे याच वाक्याची देखणी आवृत्ती. माझा आक्षेप तिच्यावर आहे.

चर्चिल सांगतात, सिंगापूरला जमिनीच्या बाजूने संरक्षणच नसेल, ही शंका त्यांना कधी शिवली नाही; तळाशिवाय युद्धनौका पाण्यात सोडतील, असं कुणाच्या मनात येईल का? पुढे ते हेही मान्य करतात की आपण हे विचारायला हवं होतं. कबुली प्रांजळ वाटते. पण तोवर उपमेने तिचं काम केलेलं असतं. तळ विसरला तर दोष जहाज बांधणाऱ्याचा. जहाज मागवणारा फक्त चकित होतो.

आता तोफांकडे बघू. बेटावर १५ इंची पाच तोफा होत्या: चांगीला तीन, बुओना व्हिस्टाला दोन. बुओना व्हिस्टाच्या तोफांना उत्तर गाठता येत नव्हती, पण चांगीच्या तोफा वळल्या आणि त्यांनी जोहोरच्या दिशेने माराही केला. अडचण तोंडाची नव्हती, गोळ्यांची होती. साठा प्रामुख्याने चिलखतभेदी गोळ्यांचा होता. जहाजाचं पोलाद फोडून आत फुटण्यासाठी बनवलेला, सुमारे ८८० किलोचा तो गोळा मऊ जमिनीत खोल रुततो. पसरलेल्या पायदळावर त्याचा फारसा उपयोग नाही.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून मला हे ओळखीचं वाटतं. सिस्टीमने रिक्वायरमेंट तंतोतंत पाळली होती. शत्रू जहाजांतून येईल, आपलं आरमार पोचेपर्यंत त्याला थोपवा, एवढंच या तोफांकडून अपेक्षित होतं. प्रत्यक्षात जपानी सैन्य ८ डिसेंबर १९४१ला मलायाच्या कोटा भारूला उतरलं आणि जमिनीवरून दक्षिणेकडे निघालं.

हा धोका कुणालाच दिसला नाही, असंही नाही. १९३७मध्येच तिथले स्टाफ अधिकारी पर्सिव्हल यांनी उत्तरेकडून होणाऱ्या हल्ल्याचा आराखडा मांडला होता. म्हणजे तळाचा विचार झाला होता. तो तळ काँक्रीटचा नव्हता, विमानांचा होता. १९४०मध्ये लंडनच्या सेनाप्रमुखांनी मलायासाठी ३३६ विमानांचा आकडा धरला. युद्ध सुरू झालं तेव्हा पहिल्या फळीत १५८ होती. मे १९४१मध्ये जनरल डिल यांनी सिंगापूरला इजिप्तपेक्षा जास्त महत्त्व द्यावं, असं लेखी सुचवलं. चर्चिलना ते मान्य नव्हतं. मध्यपूर्व आणि पुढे रशिया यांचा नंबर आधी लागला. त्या वेळच्या युरोपकडे पाहता हा निर्णय समर्थनीय असेलही. पण तो निर्णय होता, विसरभोळेपणा नव्हता. उपमा नेमकं हेच झाकते.

स्थानिक सेनाधिकारी यातून सुटत नाहीत. चीफ इंजिनिअर सिमसन यांनी लिहून ठेवलंय की बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर संरक्षण उभारायचा आग्रह त्यांनी धरला, तेव्हा मनोधैर्य खचेल म्हणून नकार मिळाला. नकार देणारे सेनापती पर्सिव्हलच होते.

१५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे ४० हजार भारतीय सैनिक जपान्यांच्या ताब्यात दिले गेले. त्यातले हजारो पुढे आझाद हिंद सेनेत गेले, कित्येक कैदेतच मेले. विमानं कुठे पाठवायची, हे ठरवताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. चर्चिलना १९५३मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं, आणि गद्य खरंच झोकदार आहे. म्हणूनच ते पान वाचताना ३३६ आणि १५८ हे दोन आकडे शेजारी लिहून ठेवा.