शाळाप्रवेश आणि समता : मराठी स्त्री-आत्मकथनांतील शालेय अनुभवांची चिकित्सा

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास हा बहुधा संस्थांच्या स्थापनेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. १८८४ मध्ये पुण्यातच मुलींचे हायस्कूल उभे राहिले व पुढे ते ‘हुजूरपागा’ या नावाने ओळखले गेले. १९१६ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. स्वातंत्र्योत्तर काळात ही जबाबदारी शासनाने स्वीकारली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्त्री-समतेसाठी शिक्षण ही भूमिका मांडली, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयोगटातील प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला.

या वाटचालीचे यश आकड्यांत मोजण्याची प्रथा आहे. २००० मध्ये स्वीकारलेल्या सहस्रक विकास उद्दिष्टांपैकी तिसरे उद्दिष्ट स्त्री-पुरुष समता व स्त्रियांचे सक्षमीकरण हे होते. शिक्षणातील त्याचा निर्देशांक होता शाळेत दाखल मुली व मुलगे यांचे गुणोत्तर. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील पुरुषांचे साक्षरतेचे प्रमाण ८८.३८ टक्के व स्त्रियांचे ७५.८७ टक्के होते. हे आकडे आवश्यक आहेत, यात शंका नाही. परंतु पटावर नाव लागलेल्या मुलीला वर्गात कोठे बसविले जाते, कोणते काम सांगितले जाते, कोणता विषय तिचा मानला जातो आणि तिला काय लिहू दिले जाते, या प्रश्नांची उत्तरे आकड्यांतून मिळत नाहीत. ती मराठी स्त्रियांच्या आत्मपर लेखनात मिळतात. हे लेखन, विशेषतः दलित स्त्रियांची आत्मकथने, वेदनेचे दस्तऐवज म्हणून पुष्कळदा वाचली गेली. त्यांत शाळेविषयीचा जो विचार आहे, त्याकडे समीक्षेने तुलनेने कमी लक्ष दिले. प्रस्तुत लेखात काही निवडक लेखनाचा या दृष्टीने विचार केला आहे.

विद्यार्थिनीचे लेखन : मुक्ता साळवे

फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यावेळी तिचे वय चौदा वर्षांच्या आसपास होते. या निबंधाचा उल्लेख स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात अभिमानाने केला जातो. पण शालेय लेखन म्हणून त्याची दखल पुरेशी घेतली जात नाही. वेदांवर इतरांचा अधिकार असेल तर आपला धर्म कोणता, असा प्रश्न ही मुलगी विचारते. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसणाऱ्या आपल्या समाजातील स्त्रियांचे हाल ती मांडते. ज्ञान हाच यावरील उपाय आहे, असे ती आपल्या समाजाला बजावते.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, धडा पाठ करून दाखविणे ही त्या शाळेतील यशाची कसोटी राहिली नाही. आपल्या जगण्याविषयी प्रश्न विचारणे हेच तेथे अभ्यासाचे फळ ठरले. अशा तऱ्हेचे लेखन विद्यार्थिनीकडून होण्यासाठी शिक्षकाने तिचा अनुभव लिहिण्यायोग्य मानावा लागतो. मुलींचे सक्षमीकरण ही संज्ञा प्रचारात येण्याच्या कितीतरी आधी तिचा अर्थ या निबंधाने स्पष्ट केला होता. पुढील काळातील शाळांचे मूल्यमापन करण्यासाठी मुक्ता साळवेचा निबंध म्हणूनच एक निकष ठरू शकतो.

घरातील शाळा : रमाबाई रानडे

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पतीने त्यांना शिकविण्यास आरंभ केला आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यांना सोसावा लागला. या आठवणींत शिक्षणाला होणारा विरोध घरातील स्त्रियांच्या तोंडून येतो, आणि शिक्षणाचा आग्रह पुरुषाकडून येतो.

यावरून स्त्रियाच स्त्रियांच्या शत्रू असतात, असा सोपा निष्कर्ष काढला जातो. तो योग्य नाही. ज्या स्त्रियांना घरकाम व कुळाचार यांतूनच प्रतिष्ठा मिळत होती, त्यांना शिकलेली सून हा त्या प्रतिष्ठेला धोका वाटणे स्वाभाविक होते. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. रमाबाईंचे शिक्षण पतीच्या इच्छेवर अवलंबून होते. पती न्यायमूर्ती रानडे होते म्हणून ते झाले. ज्ञान उपकार म्हणून मिळते, तेव्हा ते घेणारीला कृतज्ञतेच्या चौकटीत राहावे लागते, हे या पुस्तकाच्या विनम्र निवेदनशैलीतून जाणवते. शिक्षण हा कायद्याने दिलेला हक्क असणे का आवश्यक आहे, याचे उत्तर या आठवणींत आहे.

वर्गातील जागा : बेबी कांबळे

शाळा सर्वांसाठी खुली झाल्यावर हा प्रश्न सुटला असे मानावे, तर बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ त्यास आडवे येते. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलेले हे आत्मकथन १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. फलटणच्या शाळेतील अनुभव सांगताना लेखिका महार मुलींना वेगळे बसविले जाणे, सवर्ण मुलींनी त्यांना टाळणे आणि त्यांच्यात उडणारे खटके यांचे चित्रण करते. ही शाळा मुलींची होती. तेथे मुलगे नव्हते; तरीही समता नव्हती.

शैक्षणिक धोरणांच्या भाषेत ‘मुली’ हा एकसंध गट मानला जातो. ‘जिणं आमुचं’ मधील वर्ग हे गृहीतक मोडून काढतो. जातीची उतरंड मुलींच्या वर्गातही जशीच्या तशी शिरते. परंतु हे चित्र केवळ अवहेलनेचे नाही. वेगळ्या बसविलेल्या मुली एकमेकींच्या आधाराने उलट उत्तर देतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीने त्यांना दिलेला आत्मविश्वास त्या वर्गात घेऊन येतात. म्हणजे सक्षमीकरणाचे बळ येथे चळवळीतून शाळेत येते. याच लेखिकेने आपले लेखन अनेक वर्षे पतीपासून लपवून ठेवले होते, ही वस्तुस्थिती ध्यानात घेतली, तर वर्गात मिळविलेला आवाज घरात टिकविणे किती अवघड होते, याची कल्पना येते.

कामाची वाटणी : ऊर्मिला पवार

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ या आत्मकथनात रत्नागिरी परिसरातील शाळेचे चित्र येते. शाळेच्या आवारातील शेण काढणे, झाडलोट करणे ही कामे एका विशिष्ट मुलीच्या वाट्याला येतात. ती नकार देते तेव्हा शिक्षकाचा मार बसतो. बांबूची आयदाने विणून संसार चालविणारी तिची आई त्या शिक्षकाला जाब विचारते. शाळेतील सहभोजनाच्या प्रसंगीही स्वयंपाकाला हात लावण्याची मनाई आणि नंतर खाण्यावरून झालेली चेष्टा तिच्या वाट्याला येते.

या प्रसंगांत झाडू, शेण व स्वयंपाक या गोष्टी अभ्यासक्रमात कोठेही नाहीत. मात्र शिकविल्या जातात त्याच. कोणते काम कोणाचे, हा धडा पुस्तकाबाहेर, रोजच्या व्यवहारातून दिला जातो. मुलगी म्हणून झाडलोट आणि दलित म्हणून शेण, असे दुहेरी ओझे येथे एकाच देहावर येते. आईचा प्रसंग मात्र वेगळा विचार करावयास लावणारा आहे. ती शिकलेली नाही, शिक्षकापुढे तिला कोणताही सामाजिक दर्जा नाही. तरीही मुलीच्या शिक्षणाचे रक्षण ती करते. पालकांना शिक्षणाचे महत्त्व पटवून द्यावे लागते, हे विधान सरसकट करणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य वाचावा.

विषयावरील हक्क : कुमुद पावडे

मुलींनी काय शिकावे, हा वाद महाराष्ट्रात जुना आहे. स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण व तेही एकत्र द्यावे, असा पुरस्कार गोपाळ गणेश आगरकर यांनी केला होता. महर्षी कर्वे यांनी स्त्रियांच्या गृहजीवनाला उपयुक्त अशा वेगळ्या अभ्यासक्रमाची दिशा स्वीकारली. मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याची त्यांची कामगिरी मोठी आहे. परंतु स्त्रीचे कार्यक्षेत्र आधी ठरवून मग तिचा अभ्यासक्रम आखला गेला, ही त्या विचाराची मर्यादाही नाकारता येत नाही.

कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) मधील संस्कृतशिक्षणाची हकीकत या वादाला नवे परिमाण देते. स्त्री व शूद्र या दोघांनाही परंपरेने नाकारलेली भाषा नागपूरची एक दलित मुलगी निवडते. शाळेतील सनातनी वळणाचे शिक्षक तिला भेदभाव न करता शिकवितात. विद्यापीठाच्या पातळीवर मात्र उपेक्षा वाट्याला येते. पदव्युत्तर पदवी मिळूनही नोकरी मिळत नाही, ती मिळते आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलल्यावर. गुणवत्तेची दखल पतीच्या आडनावामार्फत घेतली जाते, ही विसंगती लेखिका उपरोधाने नोंदविते. या लेखनातील शाळाशिक्षकाचे चित्र विशेष महत्त्वाचे आहे. व्यवस्था विषम असतानाही एखादा शिक्षक वर्गापुरती समता निर्माण करू शकतो. तथापि ती समता त्या वर्गाच्या बाहेर टिकण्यासाठी संस्थेचा आधार लागतो.

शिक्षिकेच्या जागी : शांताबाई कांबळे

दलित स्त्रीचे पहिले आत्मकथन म्हणून ओळखले जाणारे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ हे शांताबाई कांबळे यांचे पुस्तक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. सोलापूर जिल्ह्यातील महूद गावच्या नाजाचा विद्यार्थिनी ते शिक्षिका व पुढे शिक्षण विस्तार अधिकारी हा प्रवास त्यात येतो. या आत्मकथनात शाळेकडे दोन्ही बाजूंनी पाहिले जाते. जिला शाळेत अंतरावर ठेवले जाण्याचा अर्थ ठाऊक आहे, तीच वर्ग चालविते. त्याच जीवनात पतीचे दुसरे लग्नही येते, आणि ती ते निमूटपणे स्वीकारीत नाही. शिक्षण व नोकरी यांनी स्त्रीची दुःखे संपत नाहीत, परंतु त्यांच्याशी झगडण्याचे साधन तिच्या हाती येते, एवढे या कथनावरून म्हणता येते. ते बोलीभाषेत लिहिले आहे, ही बाबही शैक्षणिक दृष्ट्या दुर्लक्षणीय नाही. आयुष्यभर प्रमाणभाषा शिकविणाऱ्या शिक्षिकेला स्वतःचे सांगताना घरची भाषा जवळची वाटली.

मर्यादा व आक्षेप

आत्मकथने ही प्रौढ वयात केलेली स्मरणे असतात. त्यांवरून सर्व शाळांविषयी विधान करता येणार नाही, असा आक्षेप संभवतो. तो रास्त आहे. आत्मकथन प्रमाण सांगत नाही, प्रक्रिया सांगते. किती मुलींना झाडू दिला गेला हे ‘आयदान’ सांगू शकत नाही, पण झाडू हाती आल्यावर मुलीच्या मनात शाळेचे काय होते, हे ते सांगते. काळ बदलला आहे, असाही एक युक्तिवाद केला जातो. बदल निश्चितच झाला आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पाठ्यपुस्तकात स्त्री-पुरुष मिळून घरकाम करीत असल्याची चित्रे आली, हे स्वागतार्ह पाऊल होते. तथापि पुस्तकातील पुरुष भाजी निवडताना दिसतो आणि त्याच वर्गात पाहुण्यांच्या स्वागताला आरतीचे तबक घेऊन मुलींना उभे केले जाते, तेव्हा मुले चित्रापेक्षा व्यवहारावर विश्वास ठेवतात.

निष्कर्ष

१. शाळाप्रवेश ही समतेची पूर्वअट आहे, परिपूर्ती नव्हे. बसण्याची जागा, कामाची वाटणी, विषयाची निवड व अभिव्यक्तीची मुभा या चार बाबींत मुलीची खरी स्थिती प्रकट होते.

२. ‘मुली’ हा एकजिनसी गट नाही. जातीचा विचार वगळून आखलेला समतेचा कार्यक्रम सर्वांत मागच्या मुलीपर्यंत पोहोचत नाही.

३. शिक्षकाची भूमिका निर्णायक आहे. परंतु ती त्याच्या वैयक्तिक सौजन्यावर सोडणे इष्ट नाही. झाडलोट, पाणी भरणे, स्वागत ही कामे मुलगे व मुली यांना पाळीपाळीने देणे, आसनव्यवस्था ठराविक काळाने बदलणे, असे साधे नियम शाळा करू शकते. त्यांस अनुदानाची गरज नाही.

४. अध्यापक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात या आत्मकथनांतील शालेय प्रसंगांचा समावेश व्हावा. भावी शिक्षकाला वर्ग मागच्या बाकावरून कसा दिसतो, हे त्यातून कळेल.

५. निबंधलेखनात ठरीव विषयांऐवजी मुलींना स्वतःच्या परिसराविषयी, स्वतःच्या भाषेत लिहू द्यावे. १८५५ मध्ये एका विद्यार्थिनीने धर्म, जात व स्त्रियांचे हाल यांविषयी लिहिले आणि ते छापलेही गेले. आजच्या किती शाळा आपल्या विद्यार्थिनीच्या वहीत असा निबंध सहन करू शकतील, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर हेच त्या शाळेतील समतेचे खरे मोजमाप ठरेल.