उन्हाळी फॅशनचा घसारा

फॅशनच्या जगात वर्षाला ऋतू दोनच. एक 'वसंत-ग्रीष्म' आणि दुसरा 'शरद-हेमंत'. आम्हा बँकवाल्यांना हा हिशेब चटकन समजतो, कारण आमच्याकडेही सहामाह्या दोनच. एक सप्टेंबरअखेर संपते आणि दुसरी मार्चअखेर आम्हाला संपवते. पावसाळा नावाचा ऋतू फॅशनवाल्यांच्या खातेवहीत नाही. तसा तो आमच्या नगर जिल्ह्याच्या खात्यावरही वेळेवर जमा होतोच असं नाही. आम्ही सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत राहतो असं भूगोलात सांगतात. पण त्यातली छायासुद्धा एप्रिल-मेमध्ये कुठे सापडत नाही. २०२४ पासून सरकारदरबारी आमचं नाव अहिल्यानगर झालं आहे. ऊन मात्र जुन्याच खात्यावर चालू आहे.

येत्या उन्हाळ्यात बायकांनी काय घालावं हे पॅरिस-मिलानमध्ये आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ठरतं. म्हणजे तिकडे थंडीची चाहूल लागलेली असताना लोक उन्हाळ्याचे कपडे बघत बसतात, आणि त्याच वेळी इकडे आम्ही ऑक्टोबरच्या उन्हात घामाने निथळत दिवाळीची खरेदी करत असतो. मग मार्च उजाडला की तिकडचा तो ठराव आमच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत 'समर कलेक्शन' म्हणून उतरतो. लिननचे सैलसर कपडे, फिकट रंग, गवताची रुंद हॅट, मोठाले गॉगल, खांद्याला कापडी पिशवी, आणि हे सगळं घालून समुद्राकडे पाहणारी एक बाई. नगरहून समुद्र किती लांब आहे हे त्या बाईला कुणीतरी सांगायला हवं.

मी कॉमर्सचा पदवीधर. कापडातलं मला फारसं कळत नाही, पण ताळेबंदातलं थोडंफार कळतं. म्हणून या पुरवणीचं परीक्षण करताना मी एकच कसोटी लावतो. मे महिना, दुपारचे दोन, माळीवाड्याच्या बसस्थानकापासून कापडबाजारापर्यंत पायी. या चालीत जी फॅशन टिकेल ती खरी. बाकीची छायाचित्रं.

पहिलं लिनन. लिनन म्हणजे जवस. ज्या जवसाची आपण चटणी करतो, त्याच झाडाच्या खोडाच्या सालीतून हा धागा काढतात. हे मी सौ.ला मोठ्या उत्साहाने सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, म्हणजे चटणीपेक्षा साल महाग म्हणायची!" कॉमर्स तिनेच घ्यायला हवं होतं. पण लिननला नावं ठेवता येत नाहीत. घाम पितं, लवकर वाळतं, अंगाला चिकटत नाही. अडचण एवढीच की बसस्थानकावर घडीचा घातलेला लिननचा शर्ट कापडबाजारात पोचेपर्यंत पाण्यात बुडवून काढलेल्या पेपरासारखा दिसतो. पुरवणीवाले म्हणतात, सुरकुत्या हेच लिननचं सौंदर्य आहे. हा न्याय त्यांनी फक्त शर्टापुरता का ठेवला, चेहऱ्याला का लावला नाही, हे आमच्या वयाच्या माणसाला विचारावंसं वाटतं.

दुसरा मुद्दा रंगाचा. पँटोन नावाची एक अमेरिकन कंपनी दरवर्षी 'वर्षाचा रंग' जाहीर करते. २०२४ ला तो 'पीच फझ' होता, २०२५ ला 'मोका मूस'. हा मोका मूस मी मुद्दाम पाहिला. दूध जास्त झालेल्या कॉफीचा रंग. रस्त्याचं काम चालू असताना दुचाकीवरून मनमाडच्या दिशेने निघालात, तर पांढऱ्या शर्टावर तो राहुरीच्या आधीच चढतो. वेगळे पैसे पडत नाहीत. आणि २०२६ साठी जाहीर झाला 'क्लाउड डान्सर'. म्हणजे काय, तर पांढरा! माझे आजोबा हयातभर क्लाउड डान्सर नेसून शेतावर जात होते, फक्त त्याला ते धोतर म्हणत.

आता उन्हाळ्यात पांढरंच घालावं हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. पण १९८० साली 'नेचर' या विज्ञानाच्या साप्ताहिकात एक मजेदार संशोधन आलं होतं. वाळवंटातले बदाऊनी लोक काळे झगे का घालतात, याचा शोध घ्यायला शास्त्रज्ञांनी माणसाला काळा आणि पांढरा झगा घालून भर उन्हात उभं करून मोजमाप केलं. निघालं असं, की काळं कापड तापतं जास्त, पण झगा सैल असल्यामुळे आतून वारा खेळतो आणि अंगापर्यंत पोचणारी उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच राहते. म्हणजे रंगापेक्षा सैलपणाला किंमत. आमच्या आज्या गडद रंगाचं सुती नऊवारी नेसून उन्हातान्हात वावरत, त्यांना कुणी 'नेचर' वाचून दाखवलं नव्हतं. आणि नेमकी याच बाबतीत आजची फॅशन नापास होते. पुरवणीतल्या बाईचे कपडे सैल, पण दुकानात आमच्या चिरंजिवांना मिळते ती पँट पायात चढवायला दोन माणसं लागतात. वारा खेळणार कुठे? त्याला उभं राहायलाही जागा नाही.

गॉगलचं परीक्षण मी अलिप्तपणे करू शकतो, कारण मला तो वापरता येत नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, मी स्वतः केव्हाच चाळिशी ओलांडली आहे आणि नाकावर चाळिशीचा चष्माही आहे. तीन चाळिशा एका कपाळावर मावत नाहीत, तिथे चौथी वस्तू कुठे ठेवणार? पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. काच नुसती काळी असून भागत नाही. ती अतिनील किरण अडवणारी नसेल तर काळोखामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि उलट जास्त किरण आत जातात. चारशे नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी काच हवी. पुरवणीत फ्रेम चौकोनी की मांजरीच्या डोळ्यासारखी यावर अर्धं पान असतं, काचेवर एक ओळ नसते. हे म्हणजे ठेवीची पावती किती गुळगुळीत आहे ते सांगायचं आणि व्याजाचा दर सांगायचा नाही.

आता सगळ्यांना ठाऊक असलेलं प्रकरण. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन कंपनीने पुढच्या 'वसंत-ग्रीष्म'चे पुरुषांचे कपडे दाखवले. मॉडेल चालत आले, आणि त्यांच्या पायांत चक्क कोल्हापुरी! कंपनीने त्यांना नुसतंच 'लेदर सँडल' म्हटलं होतं. इकडे गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबरने पत्र पाठवलं, तेव्हा कंपनीने मान्य केलं की प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. इकडच्या कारागिरांकडून दोन हजार जोड करून घ्यायचे आणि आठशे युरोच्या आसपास किमतीला विकायचे असं जाहीर झालं. आठशे युरो म्हणजे आपले ऐंशी हजारांच्या घरात. एवढ्या पैशांत आमच्याकडे आख्ख्या वऱ्हाडाच्या पायात चप्पल येईल आणि मांडवाबाहेर चोरीला जायलाही चार जोड उरतील.

या वादात मी तटस्थ आहे. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना. नगर त्यात नाही. तेव्हा तटस्थपणे सांगतो. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेल्या कातड्याची ती चप्पल माझ्या बसस्थानक ते कापडबाजार परीक्षेत अव्वल येते. पाय मोकळा राहतो, घाम साचत नाही. पहिले आठ दिवस चावते, पण आपली माणसंही चावतातच. आक्षेप आहे तो नोंदीबद्दल. आमच्या जुन्या मराठी वह्यांत पानाच्या एका बाजूला 'जमा' असायचं आणि दुसऱ्या बाजूला 'नावे'. मिलानमधल्या त्या पानावर जमा एकाच्या खात्यावर झाली आणि नाव कुणाचंच पडलं नाही.

याच्या उलट एक जुनी नोंद आमच्या जिल्ह्याच्या लेकीची आहे. अहिल्यादेवींचा जन्म १७२५ सालचा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. राज्यकारभार हाती आल्यावर त्यांनी महेश्वरला विणकर आणून वसवले. पुढे तिथल्या लुगड्याला नाव मिळालं ते महेश्वरी. ते ना राणीच्या नावावर गेलं, ना दुकानदाराच्या. गावाच्या नावावर जमा झालं. हलकं, झुळझुळीत, आमच्या उन्हात चालणारं. आज मोठमोठे डिझायनर आपल्या उन्हाळी मालात महेश्वरी वापरतात, पण महेश्वरीला दुसरं काही म्हणायची त्यांची छाती होत नाही. नाव आधीच पक्क्या शाईत लिहिलेलं आहे.

आमच्या जिल्ह्यातून देशभर गेलेली ऋतुमानाची फॅशनही एक आहे. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीची पांढरी टोपी. ऑगस्ट २०११ मध्ये अण्णा हजारे दिल्लीला रामलीला मैदानावर उपोषणाला बसले आणि 'मैं अण्णा हूँ' लिहिलेल्या टोप्या घातलेली कॉलेजची मुलं गल्लोगल्ली दिसू लागली. वस्तू म्हणून परीक्षण करायचं तर ही टोपी डोक्याला बरी, डोळ्यांना निरुपयोगी. तिला कड नसल्यामुळे सावली पडत नाही. दिल्लीत ती एक मोसम चालली. पारनेरच्या म्हाताऱ्यांनी ती त्याआधीही घातली होती आणि नंतरही काढली नाही.

लग्नसराईबद्दल लिहायला हात कचरतो, कारण पुढच्या महिन्यात चार आमंत्रणं आहेत. कापडबाजारात बस्ता बांधायला आलेली मंडळी आपल्या नवरदेवासाठी मखमलीची, आतून अस्तर लावलेली, गळ्यापर्यंत बटणं असलेली शेरवानी पसंत करतात. मुहूर्त मे महिन्याचा, बारा पस्तीसचा. घोड्याच्या अंगावर नुसती झालर असते, म्हणून दोघांत घोडा जास्त प्रसन्न दिसतो. सगळ्या वऱ्हाडाला मात्र फेटे बांधतात. सुती कापडाचा फेटा ही उन्हाची उत्तम सोय होती. आता तो चकचकीत आणि तयार बांधलेला येतो. डोक्यावर ठेवला की आत कुकरची शिट्टी व्हायचीच बाकी राहते.

आणि टाय! कर्ज आणि विमा विकणारी पोरं मे महिन्यात दुचाकीवरून टाय लावून हिंडतात. शर्टाला एकच खिडकी असते, ती गळ्याशी. थंड देशातल्या माणसाने ती बंद करायला टाय बांधला हे समजू शकतं. आपल्याकडे तो साहेबाच्या हुकमाने बांधतात. साहेब वातानुकूलित खोलीत असतात.

वाचकहो, सगळी मेख इथेच आहे. उन्हाळी फॅशन ही बहुतेक वेळा ज्याला उन्हात जायचं नाही त्याच्यासाठी केलेली असते. घरातून गाडीत, गाडीतून मॉलमध्ये. या वाटेवर गवताची हॅटही टिकते आणि लिननही. ज्यांना खरोखर उन्हात जायचं असतं त्यांनी पुरवणीची वाट न बघता आपापली फॅशन काढली आहे. स्कूटरवरून जाणाऱ्या आमच्या मुली पाहा. पांढरा सुती सनकोट, हातमोजे आणि डोक्याभोवती असा स्कार्फ की फक्त डोळे उघडे. आम्ही बँकेच्या दारावर 'चेहऱ्यावरील स्कार्फ काढून आत यावे' अशी पाटी लावली आहे, कारण सही जुळते पण चेहरा दिसत नाही. त्या कोटाला ना कंबर, ना कट. शहाणपण मात्र पुरेपूर आहे.

आणि खरा नंबर त्यांच्याही पुढचा. मार्च-एप्रिलमध्ये पारनेर किंवा राहुरीकडे जाऊन कांदा काढणाऱ्या बायका पाहा. अंगात लुगडं किंवा पाचवारी, आणि त्यावर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट. ऊन अडतं, धूळ अडते, हात भाजत नाहीत, पदर वाऱ्याने उडत नाही. शंभर वेळा धुऊन कापड मऊ झालेलं असतं. शिवाय खिसा! साडीला आजवर एकाही डिझायनरने नीट खिसा दिला नाही. या बायकांनी तो मिळवला. मोबाइल त्यात, एसटीचे सुटे पैसे त्यात, गोळी-औषधाची पुडी त्यात. हौसेने यातलं काही नाही. दिवसभर उन्हात ओणवं राहायचं, आणि त्यासाठी नवीन कपडा घ्यायला हातात पैसा नाही, म्हणून निघालेली ही तोड आहे. एवढं मात्र विसरता कामा नये.

आम्हाला कॉलेजात घसारा शिकवला होता. वस्तूची किंमत दरसाल थोडी कमी धरत जायची, शेवटी वहीत ती शून्य होते. पुरवणीतला कपडा एकदाही न झिजता सहा महिन्यांत शून्यावर येतो, कारण पुढचा ऋतू जाहीर झालेला असतो. हा शर्ट नवऱ्याच्या वहीत शून्य झाल्यावर बायकोच्या अंगावर कामाला लागतो. त्याला मानांकन नाही, लेबल होतं ते धुण्यात गेलं. उद्या मिलानच्या एखाद्या 'वसंत-ग्रीष्म'मध्ये साडीवर शर्ट चढवलेली मॉडेल चालत आली आणि टाळ्या पडल्या, तर घोटाळा नको म्हणून मी आजच नोंद करून ठेवतो. माल नगर जिल्ह्यातल्या कांद्याच्या वाफ्यातला आहे, आणि जमा तिकडेच करावी.