शॅम्पेन तिरकी ओतली, पण ‘चांगली’ कुठे मोजली?

पेपर वाचताना आपण आकडे तपासतो, ग्राफ तपासतो, पण विशेषणं तपासायची राहून जातात. आज एक चांगला पेपर घेऊ आणि त्याच्याभोवती जमलेली विशेषणं तपासू. विषय जरा चैनीचा आहे: शॅम्पेन.

पेपर २०१० चा, ‘जर्नल ऑफ अॅग्रिकल्चरल अँड फूड केमिस्ट्री’मधला. लेखक आहेत शॅम्पेन प्रांतातल्या रँस विद्यापीठाचे जेरार लिजे-बेलेर आणि त्यांचे सहकारी. प्रश्न साधा होता: ओतताना शॅम्पेनमधला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड किती निघून जातो? त्यांनी दोन पद्धती घेतल्या. एकात ग्लास सरळ ठेवून वरून ओतायचं, दुसऱ्यात बिअरसारखा ग्लास तिरका धरून कडेने सोडायचं. तापमानं तीन: ४, १२ आणि १८ अंश सेल्सिअस. निष्कर्ष असा की तिरकं ओतलं तर वायू जास्त टिकतो आणि थंड असेल तर आणखी टिकतो.

काम नेटकं आहे. एका वेळी एक गोष्ट बदलली, तुलना सरळ केली आणि शीर्षकातही ‘विरघळलेल्या वायूची हानी’ एवढंच म्हटलं. पण बातम्यांमध्ये त्याचं झालं काय? ‘शॅम्पेन चांगली लागायला हवी तर बिअरसारखी ओता.’

आता थांबा. यात ‘चांगली’ कुठे मोजली?

या गटाचं म्हणणं असं की विरघळलेला वायू बुडबुड्यांवर, तोंडातल्या जाणिवेवर आणि गंधावर परिणाम करतो. मान्य. पण ‘परिणाम करतो’ म्हणजे ‘सुधारतो’ नव्हे. याच गटाचा २०१२ चा ‘प्लॉस वन’मधला पेपर शेजारी ठेवा. उंच, अरुंद फ्लूट ग्लासच्या तोंडाशी पसरट कूपपेक्षा कार्बन डायऑक्साइड बराच जास्त साठतो, असं त्यात दिसतं. हा वायू नाकात झोंबतो. झोंबलं की नाजूक वास हरवतात. म्हणजे वायू जास्त असणं कधी फायद्याचं, तर कधी अडचणीचं.

कधी काय, हे शॅम्पेनच्या प्रकारावर ठरतं. एका परिषदेसाठी फ्रान्सला गेले होते तेव्हा मी तीन ग्लास शेजारी ठेवून चाखले. पहिली ‘ब्लां द ब्लां’, म्हणजे फक्त पांढऱ्या द्राक्षांची, बहुधा शार्दोनेची. लिंबू, हिरवं सफरचंद, कडक आंबटपणा. तिला बुडबुड्यांची धार शोभत होती. दुसरी ‘दमी-सेक’, लिटरला ३२ ते ५० ग्रॅम साखरेची (नेहमीच्या ‘ब्रूत’मध्ये १२ पेक्षा कमी असते). तिथे वायूचं काम गोडवा जड होऊ न देण्याचं. तिसरी जुनी, एकाच वर्षाच्या द्राक्षांची. बुचातून वर्षानुवर्षं वायू झिरपत गेल्यामुळे बुडबुडे मोजकेच होते. पण भाजलेला पाव, सुकामेवा असे वास एकामागून एक उलगडत होते. मला तीच सगळ्यात आवडली. ‘टिकलेला वायू म्हणजे दर्जा’ ही फूटपट्टी लावली तर तीच शेवटची आली असती!

माझी आवड हा पुरावा नाही, हे उघड आहे. पुरावा हवा तर प्रयोग करावा लागेल. तिन्ही प्रकार दोन्ही पद्धतींनी ओता. चाखणाऱ्याला तीन ग्लास द्या, त्यातले दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखता येतो का बघा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येणारच, म्हणून त्याहून स्पष्टपणे जास्त यायला हवं. फरक कळतो हे सिद्ध झालं की मगच, वेगळ्या चाचणीत, ‘कोणती आवडली’ विचारा. फरक कळणं आणि आवडणं हे दोन प्रश्न आहेत.

हे इतकं ताणून का सांगतेय? कारण हीच चूक मी केली आहे. ज्वारीच्या भाकरीचा मऊपणा यंत्रावर मोजला आणि पहिल्या प्रगती सेमिनारमध्ये लिहिलं, ‘भाकरीचा दर्जा सुधारला’. समितीतल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, “चाखली कोणी?” उत्तर नव्हतं. एक अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं आणि चाखण्याच्या चाचण्यांत सहा महिने गेले. निकाल? सगळ्यात मऊ भाकरी लोकांना चिकट वाटली.

म्हणून लिजे-बेलेर यांचा पेपर जरूर वाचा, मोजमाप कसं करावं यासाठी. मग तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘चांगले’, ‘उत्तम’, ‘प्रभावी’ हे शब्द पेन्सिलने गोल करा. प्रत्येकापुढे लिहा: हे कोणत्या चाचणीत मोजणार? जागा रिकामी राहिली तर शब्द खोडा, नाहीतर चाचणी वाढवा. मॅडमनी विचारण्याआधी.