दर लाखामागे किती खून?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 'क्राइम इन इंडिया २०२०' हा अहवाल शिक्षकांनी एकदा तरी चाळावा. मात्र त्यातील महानगरांची कोष्टके वाचताना हाती पेन्सिल हवी.

त्या वर्षी नागपुरात ९७ खून झाले, दर लाखामागे ३.९. मुंबईत १४८, दर अवघा ०.८. एवढ्यावरून नागपूरला 'गुन्ह्यांची राजधानी' म्हणून लोक मोकळे होतात. पण मुंबईच्या दराचा छेद पाहा: १८४.१ लाख. ही २०११ च्या जनगणनेतील मुंबई नागरी समूहाची लोकसंख्या. तीत ठाणे, कल्याण, नवी मुंबईही आली. खून मात्र मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतले. ठाणे आणि नवी मुंबईची आयुक्तालये निराळी आहेत. अंश एका हद्दीचा, छेद दुसऱ्याच! बृहन्मुंबईच्या १२४.४ लाखांनी भागल्यास दर १.२ येतो, म्हणजे दीडपट. नागपूर तरीही पुढेच राहते, हे मान्य. पण अंतर पाचपटींचे नसून सव्वातीनपटींचे आहे. शिवाय छेद नऊ वर्षांपूर्वीचा, त्यामुळे वाढत्या शहराचा दर फुगतो तो वेगळाच.

आता हेच गणित बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या नांदुऱ्याला लावू. वस्ती चाळीस हजार धरा. वर्षात एक खून झाला तर दर २.५, दोन झाले तर ५, म्हणजे नागपूरच्याही वर. एकही नाही झाला तर शून्य. गावात काहीही न बदलता क्रमवारीत ते तळापासून शिखरापर्यंत जाऊन येईल. नांदुऱ्यात नागपूरइतकाच धोका आहे असे मानले, तरी वर्षाला सरासरी दीडच खून अपेक्षित; आणि निव्वळ योगायोगाने पाचांतले एखादे वर्ष कोरे जाईल. अशा गावाविषयी बोलायचे तर निदान दहा वर्षांची बेरीज हवी. पोलीस ठाण्याच्या हद्दीत आसपासची खेडी येतात, ती छेदात धरली का, हेही विचारावे.

माझ्या मते क्रमवारीपेक्षा कारणांचे कोष्टक अधिक मोलाचे. देशातील २९,१९३ खुनांपैकी १०,४०४ भांडणतंट्यांतून झाले, आर्थिक लाभासाठी १,८७६. वर्गात चर्चा घ्यायची तर ती यावर घ्यावी. आणि त्याच वर्षीचे ६,९६६ हुंडाबळी? कलम वेगळे असल्याने ते खुनाच्या रकान्यात येतच नाहीत. घरात झालेल्या या मृत्यूंनी खुनांच्या यादीतला कोणत्याही शहराचा क्रमांक हलत नाही.