पिसावरून पक्ष्याचे गाव कळते का?

'आता एका पिसावरून पक्ष्याचे मूळ गाव सांगता येते', असे वाक्य विज्ञानविषयक लेखांतून आणि भाषणांतून वारंवार भेटते. आपणही ते वर्गात सांगतो. वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. उरलेला अर्धा भाग सांगितला नाही, तर विद्यार्थ्याच्या मनात विज्ञानाऐवजी चमत्कार शिल्लक राहतो. म्हणून या वाक्याची थोडी तपासणी करू.

माण तालुक्यातील म्हसवडचेच उदाहरण घ्या. राजेवाडीच्या तलावावर हिवाळ्यात उतरणारे पाणपक्षी सर्वांच्या नजरेत भरतात. पण त्याच दिवसांत शाळूच्या रानात भोरड्यांचे थवे येतात आणि माणगंगेकाठच्या झुडपांत चिमुकला बोरू वटवट्या 'चक् चक्' करीत किडे टिपत असतो. हे पाहुणे नेमके कोठून आले? पक्ष्याच्या पायात क्रमांक कोरलेले कडे घालणे हा जुना उपाय. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या पुढाकाराने १९५९ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर केले. पण दहा-बारा ग्रॅमचा पक्षी त्याच्या कड्यासह पुन्हा कोणाच्या हाती लागणे ही दुर्मीळ गोष्ट. जनुकीय खुणांची मातब्बरी येथेच आहे. ही खूण घेऊनच पक्षी जन्मतो, आणि पिसाच्या मुळाशी असलेल्या थोड्याशा पेशींतूनही ती वाचता येते.

मात्र कड्यावर पत्ता असतो, जनुकावर नसतो. आडनावांचा दाखला घेऊन हे मुलांना सहज पटवता येईल. मुंबईत भेटलेल्या गृहस्थांचे आडनाव माने आहे, एवढ्यावरून ते म्हसवडचे, असे म्हणता येत नाही. माने सर्वत्र आहेत. आडनाव, कुलदैवत, बोलण्याची लकब अशा अनेक खुणा जुळल्या की अंदाज बळकट होतो. पण केव्हा? कोणत्या गावात कोणत्या खुणा किती प्रमाणात आढळतात, याची यादी आधी हाताशी असेल तेव्हाच. सिद्धनाथ हे कुलदैवत असलेली घराणी कोठे राहतात हे ठाऊक नसेल, तर ती खूण कुचकामी ठरते.

अमेरिकेत क्रिस्टन रुग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'विल्सन्स वॉर्बलर' या पिवळ्या, गाणाऱ्या पक्ष्याबाबत नेमके हेच केले. आधीच्या अभ्यासांतून पक्षी पूर्वेचा की पश्चिमेचा, एवढेच कळत असे. त्यांनी डीएनएमधील एकेका अक्षराच्या फरकाच्या ९६ खुणा निवडल्या आणि विणीच्या प्रदेशाचे सहा गट वेगळे ओळखले. मेक्सिको व मध्य अमेरिकेत हिवाळा काढणारा पक्षी त्यांपैकी कोणत्या गटातला, हे त्यामुळे सांगता येऊ लागले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले हे काम उत्तमच आहे. पण उत्तर मिळाले ते प्रदेशाचे, गावाचे नव्हे. आणि ते मिळाले, कारण विणीच्या प्रदेशांत हिंडून नमुने आधी गोळा केले होते. हा खटाटोप बातमीत येत नाही.

असे नमुने नसले तर काय होते, याचा धडा आपल्याच देशात आहे. १८६७ मध्ये ॲलन ह्यूम यांना सतलजच्या खोऱ्यात रामपूरजवळ लांब चोचीचा एक बोरू वटवट्या मिळाला. राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून आपण ओळखतो, तेच हे ह्यूम. ही स्वतंत्र जात की दुसऱ्याच जातीतला विचित्र पक्षी, हा प्रश्न शतकाहून अधिक काळ रेंगाळला. २००२ मध्ये बेन्श आणि पिअर्सन यांनी त्या जुन्या नमुन्यातील डीएनएवरून जात स्वतंत्र असल्याचे दाखवले. २००६ मध्ये थायलंडमध्ये फिलिप राउंड यांच्या जाळ्यात असाच पक्षी सापडला. त्याच्या पिसांतील डीएनएने ओळख पटवली. तरी हा पक्षी वीण कोठे करतो, हे डीएनएला सांगता आले नाही, कारण तुलनेसाठी विणीच्या जागेचा नमुनाच नव्हता. ते उत्तर मिळाले २००८-०९ मध्ये, अफगाणिस्तानच्या वाखान भागात, रॉबर्ट टिमिन्स यांनी झुडपांत ऐकलेल्या गाण्यामुळे. डीएनएने त्यावर शिक्कामोर्तब केले. 'कोण' हे प्रयोगशाळेने सांगितले, 'कोठे' हे पायांनी आणि कानांनी शोधले.

आणखी एक मर्यादा पक्ष्याच्या स्वभावातून येते. भोरडी मध्य आशियात टोळ-नाकतोडे मुबलक असतील तेथे वसाहत करते, आणि पुढच्या वर्षी दुसरीकडेच जाते. अशा भटक्या पक्ष्यांत प्रदेशागणिक वेगळ्या खुणा साठणे कठीण. तेव्हा शाळूच्या रानातल्या भोरडीचा पत्ता जनुकांना विचारण्यात फारसा हशील नाही, असे मला वाटते. बोरू वटवट्याबाबत प्रयत्न करून पाहण्याजोगा आहे, पण फिनलंडपासून सायबेरियापर्यंतच्या त्याच्या विणीच्या पट्ट्यातून नमुने जमवल्यावरच. कारण तुलना करणारा संगणक यादीतल्यांपैकीच सर्वांत जवळचा प्रदेश पुढे करतो. खरा प्रदेश यादीत नसला, तरी वेगळी तपासणी केल्याशिवाय ही चूक उघडी पडत नाही.

हा केवळ काथ्याकूट नव्हे. उद्या म्हसवडच्या रानातला एखादा हिवाळी पाहुणा रोडावला, तर दोष आपल्या कीटकनाशकांचा की हजारो किलोमीटर दूरच्या कुरणांचा, हे ठरवावे लागेल. अपुऱ्या यादीवरून काढलेला पत्ता आपल्याला खुशाल निर्दोष ठरवील आणि उपाय भलत्याच जागी करायला लावील.

म्हणून अशी बातमी वर्गात वाचताना मुलांना तीन प्रश्न जरूर विचारू द्यावेत. तुलनेचे नमुने कोठले होते? खुणा किती होत्या? उत्तर गावाचे आहे की प्रदेशाचे? आणि शाळेच्या वहीत दरवर्षी पहिली भोरडी कोणत्या तारखेला दिसली व शेवटची कोणत्या, याची नोंद ठेवावी. पक्षी कोठून आला हे ती वही सांगणार नाही. पण तो केव्हा आला आणि किती दिवस राहिला, हे पीसही सांगत नाही.